फोनवरची दुभाषी

सकाळचे नऊ चाळीस. ग्रिम्सबीत समुद्राकडून धुकं आलेलं,
ओट्यावर अर्धा चहा.
कानात हेडफोन अडकवून मी माझा नंबर सांगते.
नाव सांगायचं नसतं.
पलीकडे स्विंडनमधला दवाखाना :
नर्स ग्वेनिथ, आई प्रणोती,
आणि आठ आठवड्यांचा एक गृहस्थ, अजून शांत.
बाप रात्रपाळी करून झोपलाय.

नियम असा, की जेवढं बोललं जाईल तेवढंच बोलायचं,
आणि बोलणाऱ्याच्याच तोंडाने.
नर्स "मी" म्हणाली की मीही "मी".
आई "मी" म्हणाली की पुन्हा मीच "मी".
अकरा वर्षांत किती वेळा गरोदर राहिले मोजलं नाही,
दोनदा माझं मूत्रपिंड काढलं,
आणि एका डिसेंबरात
आता फार दिवस उरले नाहीत, असं मीच मला सांगितलं,
मग मीच विचारलं, "किती?"

"आज मी बाळाच्या दोन्ही मांड्यांत एकेक सुई देईन,
तोंडात थेंब. रडेल. संध्याकाळी अंग तापेल."
हे सोपं होतं.
"यातली एक सुई बऱ्याच आजारांवर आहे.
डांग्या खोकला..."
"म्हंजे माकडखोकला! आमच्या जतला माकडखोकला म्हनत्यात."
माकड इंग्रजीत नेलं. ग्वेनिथ हसली.
"धनुर्वात..."
"त्यो गंजल्या खिळ्यानं हुतो न्हवं?
ह्यानं तर अजून भुईला पाय लावला न्हाई."
तेही नेलं, खिळ्यासकट.
"लावेल की," ग्वेनिथ म्हणाली,
"बागेत, मातीत, अनवाणी. तेव्हा आपण दोघी
शेजारी असूच असं नाही."

तिसरं नाव तिने सहज घेतलं,
बसचा पुढचा थांबा सांगावा तसं.

घटसर्प.

मी सहा वर्षांची होते.
मधल्या खोलीत दादाला ठेवलेलं, दाराला चादर,
आणि कुणीतरी ओसरीवर हा शब्द म्हणालं, आवाज खाली घेऊन.
घटात सर्प.
मी काठी घेतली.
माठात पाहिलं. रांजणात, कळशीत, तांब्याच्या हंड्यात,
गुरांच्या डोणीतसुद्धा.
दुपारभर पाणी ढवळत होते.
साप सापडला तर दादा उठेल,
असं काहीसं गणित होतं.
संध्याकाळी आत्याने काठी काढून घेतली.
मारलं नाही. त्यावरूनच कळलं.

"हॅलो? दुभाषी, ऐकू येतंय का?"
येतंय. माफ करा. घटसर्प.

"त्यो काय असतो? म्या तर कुनाला झालेला बघितला न्हाई."
मी इंग्रजीत म्हणाले :
मी कुणाला झालेला पाहिला नाही.
ग्वेनिथ जरा थांबली. खुर्ची करकरली.
"खरं सांगू? मीही नाही. एकतीस वर्षं नर्स आहे,
फक्त पुस्तकात पाहिलाय.
घशात राखाडी पापुद्रा धरतो. मान सुजते. श्वास अडतो."
मी मराठीत म्हणाले :
खरं सांगू? मीही नाही.
राखाडी, पापुद्रा, मान :
एकही शब्द शोधावा लागला नाही.

एका मिनिटात दोनदा मी तुला पाहिलेलं नाही, दादा.
नियमाप्रमाणे दोन्ही बरोबर.

मग कागद फाटल्याचा आवाज, बांगड्या,
"धरा, घट्ट धरा", "धरलंय",
आणि तो गृहस्थ ओरडला,
असा ओरडला की हेडफोन कानावेगळा केला मी.
काय तो घसा! मोकळा, लख्ख,
आतून बाहेर पूर्ण उघडा.
दुसऱ्या मांडीला आणखी मोठ्याने.
"झालं," दोघी एकदमच म्हणाल्या, आपापल्या भाषेत.
मध्ये मी लागले नाही.

अवधी : सतरा मिनिटं.
भाषा : मराठी.
अडचण आल्यास लिहा : —

चहा निवला होता.
नवा करायला किटली भरली, बटणाकडे हात गेला,
आणि आधी झाकण उघडून
मी आत पाहिलं.